धास्ती पल्ल्याची, प्रश्न भरवशाचा

राजधानीतील मराठी अधिकारीवर्गात विद्युत मोटारीची चर्चा निघाली की किंमत आणि वेग हे विषय लवकरच मागे पडतात. शेवटी सारे येऊन थांबते ते एकाच प्रश्नावर : ‘जयपूरपर्यंत जाईल का?’ अंतर जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. कंपनीच्या माहितीपत्रकात बहुधा त्याहून मोठाच आकडा छापलेला असतो. तरीही शहराची वेस ओलांडताच चालकाची नजर रस्त्यावरून बॅटरीच्या टक्क्यांकडे वळते. ही पल्ल्याची धास्ती वरकरणी तंत्रज्ञानाची अडचण वाटते. प्रत्यक्षात ती आता राज्यकारभाराची अडचण होऊन बसली आहे.

या धास्तीचा पहिला अनुभव सरकारनेच घेतला. २०१७ मध्ये ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ या सरकारी कंपनीने शासकीय वापरासाठी दहा हजार विद्युत मोटारींची मागणी नोंदविली. त्यातील पहिल्या गाड्या दिल्लीत अधिकाऱ्यांच्या दिमतीला आल्या आणि एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटरही पार होत नाहीत, अशा तक्रारी २०१८ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर बॅटऱ्या बऱ्याच सुधारल्या. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. अर्थात, प्रमाणित पल्ला हा चाचणीतला असतो. महामार्गावरचा वेग, वातानुकूलन, उत्तरेतली थंडी आणि घाटाची चढण यांचा हिशेब रस्त्यावरच चुकवावा लागतो. मात्र वाटेत चार्जिंगची खात्री असेल, तर ही तूट कोणालाही फारशी सलणार नाही.

ही खात्री देण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नव्हे. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नसून सेवा आहे, तिला परवाना नको, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरातील मार्गदर्शक सूचनांनी शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत एक आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक केंद्र, असा दंडक घातला. २०१९ च्या फेम-२ योजनेतील दहा हजार कोटींपैकी एक हजार कोटी चार्जिंगसाठी होते. सरकारी आकडेवारीनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक केंद्रे होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती २५,२०२ झाली. वर्षभरात दुपटीहून अधिक!

मग धास्ती का ओसरत नाही? कारण सरकार उभारलेली केंद्रे मोजते, तर चालक चालू असलेली. संसदेतील प्रश्नोत्तरांच्या राज्यवार तक्त्यांतून केंद्रे किती, हे कळते. त्यांपैकी आज किती सुरू आहेत, हे सहसा कळत नाही. पेट्रोलपंपाचे पोट विक्रीवर भरते, म्हणून तो उघडा राहतो. चार्जिंग केंद्राचे अनुदान मात्र मुख्यतः उभारणीशी बांधलेले असते. उभारल्यानंतर ते चालते का, हे पाहण्याची निकड कोणालाच उरत नाही. वाटेतले एक केंद्र बंद निघाले, की भरवशाच्या म्हशीला टोणगा झाल्याचा अनुभव येतो आणि चालक पुढच्या दहा केंद्रांवरही विश्वास ठेवत नाही.

जबाबदारीही विखुरलेली आहे. अनुदान अवजड उद्योग मंत्रालयाचे, नियम ऊर्जा मंत्रालयाचे, महामार्ग रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. वीज समवर्ती सूचीत, जमीन राज्यांकडे, शहरातली जागा महापालिकेची आणि जोडणी वितरण कंपनीची. बंद केंद्राचा जाब नेमका कोणाला विचारायचा, याचे उत्तर या रचनेत सापडत नाही. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विद्युत मोटारींना पथकर माफ केला. सवलत स्वागतार्ह आहे. पण दिल्लीहून गावी निघालेल्या कुटुंबाला पथकरापेक्षा पुढच्या केंद्राची चिंता मोठी असते.

२०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी दोन हजार कोटींची तरतूद आहे. या रकमेचा काही भाग तरी केंद्र वर्षभर सुरू राहण्याच्या अटीशी जोडला आणि त्याचा हिशेब सभागृहापुढे नियमित ठेवला, तर हा पैसा सार्थकी लागेल. २०३० पर्यंत वाहनविक्रीत तीस टक्के विद्युत वाहने, हे सरकारचे लक्ष्य आहे. ते गाठायचे, तर ‘किती बसविली’ यापुढे जाऊन ‘किती चालतात’ हा प्रश्न खासदारांना विचारावाच लागेल.