डब्यातला डबा

खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला 'तुमचं नाव यादीत नाही' असं सांगितलं जातं, तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न येतो. यादीत कुठवर शोधलं?

वेबसाइटच्या मागे माहिती अनेकदा 'ॲरे'त ठेवलेली असते. ॲरे म्हणजे ओळीने खण असलेला डबा. खणात आकडा असेल, शब्द असेल किंवा आणखी एक डबाही असेल. जिल्ह्याच्या डब्यात तालुक्यांचे डबे, त्यांत गावांचे आणि गावाच्या डब्यात माणसांची नावं.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवलेली पीएचपी ही भाषा आजही असंख्य वेबसाइट चालवते. तिच्यात शोधासाठी 'इन_ॲरे' नावाची तयार सोय आहे. ती फक्त वरचे खण पाहते, आतला डबा उघडत नाही. समजा, सलमाचं नाव गावाच्या डब्यात आहे. तरी उत्तर येतं 'नाही'. यात संगणक खोटं बोलत नाही. त्याला सांगितलं तेवढंच त्याने पाहिलं.

उपाय सोपा आहे. नाव दिसलं तर 'सापडलं' म्हण. डबा दिसला तर तो उघड आणि हेच काम पुन्हा पहिल्यापासून कर. याला 'रिकर्शन' म्हणतात. थर किती आहेत, हे आधी माहीत असावं लागत नाही. मात्र आत मिळालेलं उत्तर एकेका डब्यातून बाहेर पोहोचवावं लागतं. ते राहिलं, तर सापडूनही 'नाही'च!

आणखी एक गोम आहे. 'ॲरे_सर्च' ही सोय नाव कितव्या खणात आहे ते सांगते. पण खणांची मोजणी शून्यापासून होते. नाव पहिल्याच खणात असलं, तर उत्तर येतं शून्य आणि ढोबळ तुलनेत पीएचपी शून्यालाही 'नाही' समजते. म्हणजे यादीतला पहिला माणूसच गैरहजर! म्हणून तुलना करताना बरोबरीची तीन चिन्हं वापरतात. मग शून्य आणि 'नाही' वेगळे राहतात.

मला वाटतं, अशी वेबसाइट लोकांसाठी खुली करण्याआधी तीन नावं शोधून पाहावीत. एक पहिल्या खणातलं, एक सर्वांत आतल्या डब्यातलं आणि एक मुळात नसलेलं. पहिली दोन सापडली आणि तिसरं सापडलं नाही, तरच खिडकीवरच्या माणसाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे.