तपासणाऱ्याची तपासणी

रुग्णालयातील यंत्राच्या बाजूस एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. तपासणीचा दिनांक, पुढील तपासणीचा दिनांक आणि एक सही, एवढाच मजकूर तीवर असतो. रोगी ती वाचीत नाही. परिचारिकेस वाचावयास सवड नसते. तरीही यंत्राच्या तारा रोग्याच्या छातीवर लावल्या जातात, तेव्हा सर्वांचा विश्वास त्या सहीवरच असतो. ती सही करण्याचा अधिकार कोणास असावा, हे आपण येथे पाहू.

विजेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रातून थोडा प्रवाह नको त्या वाटेने पाझरत असतो. त्यास गळतीचा प्रवाह म्हणतात. सुमारे एक मिलिअँपियर, म्हणजे अँपियरचा एक सहस्रांश, एवढा प्रवाह हातातून गेला तर केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते. परंतु एखादी तार थेट हृदयापर्यंत पोचत असेल, तर त्वचेचा अडसर उरत नाही. म्हणून हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपियरहून अधिक प्रवाह रोग्याच्या शरीरात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. मुंग्या आणणाऱ्या प्रवाहाचा हा शंभरावा भाग होय. तो डोळ्यांस दिसत नाही, हातास जाणवत नाही. तो मोजावाच लागतो.

रायपूरहून धमतरीकडे जाताना अभनपूर हे विकासखंडाचे गाव लागते. अशा गावच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात ई.सी.जी.चे यंत्र असते, नवजात अर्भकास ऊब देणारे वॉर्मर असते. इतका सूक्ष्म प्रवाह मोजण्याचे साधन मात्र तेथील डॉक्टरांच्या हाताशी सहसा नसते. बाहेरून येणाऱ्या तपासनिसाच्या शब्दावर त्यांना विसंबावे लागते. तो शब्द पोकळ निघाल्यास त्याचे मोल कोणाला द्यावे लागते?

विजेचा दोष वेळीच ध्यानात आला नाही तर काय घडते, हे रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील भंडारा शहराने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागास आग लागली. सतरा अर्भकांपैकी दहा दगावली. सात वाचविता आली. चौकशीत आगीचे मूळ विद्युत् दोषात आढळले. अशा दुर्घटनेमागे एकच कारण क्वचित असते, आणि कोणतेही प्रमाणपत्र आग विझवीत नाही. परंतु दोष आगीपूर्वी सापडावा, हेच तर तपासणीचे प्रयोजन आहे.

मग तपासणी करणारी संस्था योग्य आहे, हे कसे ठरवावे? यासाठी १९९८ साली १७०२० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले व २०१२ मध्ये ते सुधारण्यात आले. त्याच्या कसोटीवर संस्थेची पारख करून तिला मान्यता देणे, यास अधिस्वीकृती म्हणतात. त्यातील मुख्य अटी समजण्यास कठीण नाहीत.

पहिली अट निःपक्षपातीपणाची. संस्था सर्वस्वी स्वतंत्र असू शकते, किंवा एखाद्या मोठ्या आस्थापनेचा भागही असू शकते. मानकाने असे तीन प्रकार मानले आहेत. परंतु प्रकार कोणताही असो, निष्कर्षावर पैशाचा वा वरिष्ठांचा दाब येता कामा नये. दुसरी अट योग्यतेची. तपासनीस शिकलेला असला एवढ्याने भागत नाही. त्याचे प्रत्यक्ष काम पाहून त्याची पारख वेळोवेळी व्हावी लागते. तिसरी अट साधनांची. मापकयंत्र स्वतःच चुकीचे असेल तर त्याने केलेले मापन व्यर्थ होय. म्हणून त्याची तुलना अधिक अचूक यंत्राशी, त्या यंत्राची त्याहून अचूक यंत्राशी, अशी साखळी राष्ट्रीय मापन-प्रमाणापर्यंत पोचली पाहिजे. भारतात ही प्रमाणे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जतन केलेली आहेत. चौथी अट नोंदींची: कोणी, केव्हा, कशाने मोजले आणि आकडा काय आला, हे मागाहूनही सापडले पाहिजे. पाचवी अशी की, निष्कर्षाविरुद्ध तक्रार करण्यास वाट असावी.

आपल्या देशात तपासणी संस्थांना अशी अधिस्वीकृती देण्याचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचे एक मंडळ करते. ही परिषद १९९७ साली स्थापन झाली. परीक्षण व अंशशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी वेगळे मंडळ आहे. १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनीही हेच तत्त्व स्वीकारले. कमी जोखमीची उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यांची पाहणी करू इच्छिणाऱ्या संस्थेने आधी अधिस्वीकृती मिळवावी, मगच तिची नोंदणी व्हावी, असा त्यांचा क्रम आहे. उपकरणाचा निर्माता वा विक्रेता अशा संस्थेत परीक्षक म्हणून बसू शकत नाही.

तथापि कारखान्यातून निर्दोष निघालेले यंत्र दहा वर्षे निर्दोष राहीलच असे नाही. वायर झिजते, अर्थिंग सुटते, ओल शिरते. इमारतीतील वीज-संचाच्या तपासणीसाठी विद्युत् सुरक्षेचे नियम व शासनाचे विद्युत् निरीक्षक आहेत; परंतु भिंतीवरील प्लगपासून रोग्यापर्यंतची वाट यंत्रातून जाते, आणि तिची तपासणी निराळी करावी लागते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५ साली उपकरणांच्या देखभालीची योजना सुरू झाली आणि अनेक राज्यांनी हे काम खाजगी संस्थांकडे सोपविले. बंद यंत्रे चालू होणे उपकारकच आहे. मात्र जो दुरुस्त करतो त्यानेच आपली दुरुस्ती उत्तम झाली असे लिहून द्यावे, हे विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे.

म्हणून यंत्रावरील ती चिठ्ठी वाचण्याची सवय नागरिकांनी लावून घ्यावी. तपासणीचा दिनांक उलटून गेला आहे काय? तपासणाऱ्या संस्थेचे नाव आहे काय? ती अधिस्वीकृत आहे काय, आणि नेमक्या कोणत्या कामासाठी? हे प्रश्न विचारण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. जेथे ते विचारले जातात, तेथे नुसती सही करून निघून जाणे तपासनिसास कठीण होते.