ऑनलाइन दुकान कुठल्या सॉफ्टवेअरवर उघडायचं? आधी ग्राहकांची वही कुणाच्या हातात राहणार ते बघा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत घरातून माल विकणाऱ्यांची संख्या वाढतेय. कुणी अबाया आणि मुलांचे कपडे शिवतं, कुणी मसाले आणि लोणचं करतं, कुणी अत्तर विकतं, कुणी बांबूच्या टोपल्या, मध, चारोळी किंवा घरच्या शेतातला तांदूळ. सुरुवात बहुतेकांची व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून होते. नात्यातले लोक घेतात, मग त्यांच्या ओळखीचे. रमजानच्या महिन्यात तर मेसेज इतके येतात की कुणी पैसे दिले, कुणाचं माप राहिलं, कुणाचं पार्सल गेलं, याचा हिशोब लागत नाही. मग घरात विषय निघतो, आता स्वतःची वेबसाइट करू या.

आणि मग गोंधळ सुरू होतो. एक जण म्हणतो शॉपिफाय घ्या, दुसरा म्हणतो वूकॉमर्स मोफत आहे, तिसरा म्हणतो कशाला कटकट, मीशोवर टाका. दिसायला सगळेच पर्याय चांगले. पण निवड करताना रंगरूप आणि पहिल्या महिन्याचा भाव बघून भागत नाही. तीन गोष्टी विचारायच्या: दुकानाचं नाव कुणाच्या मालकीचं राहील, ग्राहकांची यादी कुणाकडे राहील, आणि उद्या हे सोडून दुसरीकडे जायचं झालं तर आपल्याबरोबर काय नेता येईल?

हे का महत्त्वाचं, ते आपल्याच भागातल्या एका गावानं दाखवून दिलंय. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण तो विकून बाहेर न्यायला वाहतुकीचा परवाना लागतो, आणि त्या परवान्यांचं पुस्तक होतं वनखात्याकडे. म्हणजे माल आपला, पण दारातून बाहेर काढायची मुभा दुसऱ्याच्या हातात. अखेर एप्रिल २०११ मध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. ऑनलाइन दुकानाचंही असंच आहे. माल तुमचा, मेहनत तुमची, पण पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर मालकी अर्धीच.

चार रस्ते आहेत

पहिला रस्ता व्हॉट्सॲप बिझनेसचा. ॲप मोफत आहे, त्यात मालाचे फोटो आणि किमती टाकून कॅटलॉग करता येतो, पैसे यूपीआयने थेट खात्यात येतात. ग्राहकाचा नंबर तुमच्याकडेच राहतो. उणीव एवढीच की ऑर्डरचा हिशोब तुम्हालाच ठेवावा लागतो, आणि सगळा धंदा एकाच ॲपवर टांगलेला राहतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम तिन्ही मिळून साधारण सहा तास बंद पडले होते. ज्यांचे नंबर कागदाच्या वहीतही होते, त्यांना निदान फोन तरी करता आला.

दुसरा रस्ता मोठ्या बाजाराचा, म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो. इथे गर्दी आयती मिळते. पण ग्राहक त्यांचा असतो, तुमचा नाही. त्याचा नंबर घेऊन पुढच्या ईदला मेसेज करता येत नाही. कमिशन, पोचवण्याचा खर्च आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड धरूनच किंमत ठरवावी लागते. सरकारच्या पाठबळाने २०२१ च्या शेवटी उभी राहिलेली ओएनडीसी ही व्यवस्था थोडी वेगळी आहे. ते एक ॲप नसून जाळं आहे. विक्रेता एका ॲपमधून जोडला जातो आणि ग्राहक दुसऱ्या ॲपमधून त्याच्याकडून घेऊ शकतो. पण तिथेही कुठल्या ॲपमधून जोडले जाताय आणि ते ॲप किती पैसे कापतं, ते बघावंच लागतं.

तिसरा रस्ता भाड्याच्या दुकानाचा. शॉपिफाय ही कॅनडाची कंपनी त्यातली सगळ्यांत मोठी, आणि भारतीय कंपन्याही ही सेवा देतात. महिन्याला भाडं भरा, दुकान तयार. दुरुस्ती आणि सुरक्षा तेच सांभाळतात. तांत्रिक माहिती नसलेल्या माणसाला हे सोपं जातं. मालाची आणि ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये उतरवून घेता येते, ही चांगली गोष्ट. पण भाडं थांबलं की दुकान बंद, आणि दुकानाची मांडणी बरोबर नेता येत नाही.

चौथा रस्ता स्वतःच्या दुकानाचा. वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर चालणारं सॉफ्टवेअर २०११ मध्ये आलं. ते खुलं आहे, कुणालाही मोफत वापरता येतं, आणि वर्डप्रेस मराठीतही आहे. ओपनकार्ट, प्रेस्टाशॉप हीसुद्धा याच जातीची. पण सॉफ्टवेअर मोफत म्हणजे दुकान मोफत नव्हे. इंटरनेटवर जागा, म्हणजे होस्टिंग, विकत घ्यावी लागते, वेबसाइटच्या नावाचे दरवर्षी पैसे भरावे लागतात, आणि सॉफ्टवेअर वेळोवेळी अपडेट करावं लागतं. ते केलं नाही तर हॅकर शिरतात. घरात किंवा ओळखीत हे सांभाळणारा कुणी नसेल, तर हा रस्ता कागदावरच स्वस्त.

हिशोब करून बघा

समजा महिन्याला ३० ऑर्डर येतात, सरासरी ४०० रुपयांच्या. म्हणजे विक्री १२,००० रुपये. भाड्याच्या दुकानाचं महिन्याचं भाडं १,५०० रुपये धरा. बाहेरची पेमेंट सेवा वापरली म्हणून सॉफ्टवेअर कंपनी २ टक्के घेते असं धरा, ते २४० रुपये. ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २८३ रुपये. एकूण २,०२३ रुपये गेले. शंभरातले जवळपास १७ रुपये, पार्सलचा खर्च धरण्याआधीच.

स्वतःच्या दुकानाला होस्टिंग आणि नाव मिळून वर्षाला ५,००० रुपये धरले तर महिन्याला ४१७. त्यात गेटवेचे २८३ मिळवून ७०० रुपये, म्हणजे शंभरातले सहा. पण महिन्यातून एकदा दुरुस्तीला येणारा पोरगा हजार रुपये घेत असेल तर ते १,७०० झाले, आणि फरक जवळपास मिटला.

तीच विक्री ८०,००० वर गेली तर भाड्याच्या दुकानाचा खर्च शंभरात सहा रुपयांवर येतो. म्हणजे भाडं महाग की स्वस्त, हे तुमच्या विक्रीवर ठरतं. आणि व्हॉट्सॲप अधिक यूपीआयचा खर्च? बँकेतून बँकेत होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. म्हणून महिन्याला पन्नासपेक्षा कमी ऑर्डर असताना सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याची घाई करू नये, हे हिशोबच सांगतो.

एक सावधगिरी: होस्टिंगच्या जाहिरातीतला भाव बहुतेक वेळा पहिल्या मुदतीचा असतो. नूतनीकरणाचा भाव कितीतरी जास्त निघतो. तो आधीच विचारा.

पुलापलीकडे दुसरं राज्य आहे

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या सल्लागारांना चटकन सुचत नाही. सिरोंचाच्या माणसाला पुलापलीकडे तेलंगण आहे. राजुऱ्याच्या कितीतरी घरांची सोयरीक आसिफाबाद-आदिलाबादकडे आहे. कोरची-कुरखेड्याला छत्तीसगड जवळ. आपल्यासाठी ही रोजची ये-जा, पण जीएसटीच्या कायद्यात तो आंतरराज्य व्यापार.

फक्त महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला बहुतेक वस्तूंसाठी वार्षिक उलाढाल ४० लाख रुपये होईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवला की उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यात सूट आहे. तुमची वस्तू त्या यादीत आहे का, हे कर सल्लागाराला विचारून घ्या. मोठ्या बाजाराच्या वेबसाइटवरून विकायचं तर पूर्वी सगळ्यांनाच नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना विचारा: ठरावीक राज्यांतल्याच ऑर्डर घ्यायची सोय आहे का? नसेल तर कुठूनही ऑर्डर येईल, आणि पार्सल गेल्यावर कायदा आठवेल. खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणीही लागते, मग ते घरच्या स्वयंपाकघरात बनलेले का असेनात.

पिनकोड आणि नेटवर्क

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत "तीन दिवसांत घरपोच" असं दुकानाच्या पानावर झळकत राहिलं तर तक्रार तुमच्यावर येणार. पिनकोडप्रमाणे पोचण्याचे दिवस आणि खर्च वेगळे ठेवता येतात का, हे बघा. कुरिअरवाल्याला नुसतं "गडचिरोलीला पोचवता का" असं विचारू नका. जिल्ह्याचं ठिकाण वेगळं, आणि ४४२५०४ म्हणजे सिरोंचा वेगळं. खासगी कुरिअर जिथे नाही म्हणतं, तिथे बहुतेक वेळा टपाल खातं जातं.

दुकान तयार झालं की ते शहरात वायफायवर बघून खूश होऊ नका. तालुक्याच्या गावी, साध्या मोबाइलवर, कमी रेंजमध्ये उघडून बघा. मोठमोठे फोटो आणि हलणारी चित्रं असलेलं पान उघडतच नसेल, तर त्या ग्राहकासाठी दुकानाला कुलूपच आहे.

बहिणींसाठी एक मुद्दा

घरातून विकणाऱ्या भगिनींना स्वतःचा नंबर आणि पत्ता सगळ्यांसमोर यावा असं वाटत नाही, आणि ते रास्त आहे. पण २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत धंद्याचं नाव, पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती ही माहिती देण्याची अट आहे. ग्राहकालाही त्यानेच भरवसा वाटतो. मधला मार्ग असा: दुकानासाठी वेगळं सिम घ्या, आणि घरातल्या किंवा भागीदाराच्या दुकानाचा पत्ता कायदेशीरपणे धंद्याचा पत्ता म्हणून वापरता येईल का, ते सल्लागाराला विचारा. मात्र बँक खातं आणि लॉगिन ज्या बाईची मेहनत आहे तिच्याच नावावर असावं.

पैशांच्या बाबतीत स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, खात्यात रक्कम आली का ते बघूनच पार्सल बांधा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

नाव आपलं, चाव्या आपल्या

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतात तांदळाचं नवं वाण निवडलं. घड्याळाच्या कंपनीवरून त्याचं नाव एचएमटी पडलं. तो तांदूळ दूरदूर पोचला, पण पोत्यावर दादाजींचं नाव नव्हतं. २०१८ मध्ये ते गेले, हलाखी सोसूनच. माल चांगला असणं पुरेसं नसतं, तो कुणाच्या नावानं विकला जातो हेही ठरवावं लागतं.

तेव्हा वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलने घ्या. वर्षाला काही शे रुपयांचा प्रश्न आहे. वेबसाइट बनवणाऱ्याने ते त्याच्या नावावर घेतलं, तर उद्या भांडण झाल्यावर दुकानाची पाटी त्याच्याकडे. त्याला कामापुरतं वेगळं लॉगिन द्या, मुख्य पासवर्ड नाही. ओटीपी तुमच्याच सिमवर यायला हवा.

आणि फुकटच्या पत्त्यावर धंदा उभा करू नका. गुगलने छोट्या दुकानदारांना बिझनेस प्रोफाइलमधून मोफत वेबसाइट दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली. ज्यांनी दुकानाच्या पाटीवर आणि पिशव्यांवर तो पत्ता छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. स्वतःचं डोमेन असेल तर आतलं सॉफ्टवेअर शंभरदा बदला, ग्राहकाला पत्ता तोच.

मग सुरुवात कशी करायची? डोमेन आजच घ्या. पहिले सहा महिने व्हॉट्सॲप बिझनेस आणि यूपीआयवर चालवा, आणि प्रत्येक ऑर्डर वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा: नाव, नंबर, पिनकोड, काय घेतलं. हिशोब हाताबाहेर जायला लागला की सॉफ्टवेअर घ्या. घरात तांत्रिक माणूस असेल तर वूकॉमर्स, नसेल तर भाड्याचं दुकान. नवे ग्राहक मिळवायला मोठ्या बाजारात दोन-चार वस्तू ठेवायला हरकत नाही. आणि कुठलंही सॉफ्टवेअर असो, महिन्याच्या पहिल्या तारखेला ग्राहकांची आणि ऑर्डरची यादी उतरवून आपल्याकडे जपून ठेवा. ती लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला पहिला प्रश्नही हाच विचारा की ही यादी कशी उतरवायची. तो टाळाटाळ करत असेल तर तिथे दुकान उघडू नका.