बारा पदरी घडी

पहिला हिमकण मी कापला तो आठ टोकांचा. दिवाळीच्या कंदिलावर चिकटवायची फुलं आयुष्यभर जशी कापली, तशीच: कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा आणि मग कात्रीने कडेला खाचा. उलगडल्यावर सुरेख जाळीदार फूल निघालं. सात वर्षांची नात पलंगावर मांडी घालून बघत होती. तिने ते हातात घेतलं, एकेका टोकावर बोट ठेवून मोजलं आणि म्हणाली, "आजी, फूल छान आहे. पण हा स्नोफ्लेक नाही. स्नोफ्लेकला सहाच असतात."

माझी लेक अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टनला राहते. तिकडे थंडी पडली की मुलांच्या खोल्यांत कागदी बर्फ पडायला लागतो. कुणी खिडकीच्या काचेला हिमकण चिकटवतं, कुणी छताला दोऱ्याने टांगतं. नातीला तिच्या पलंगावर असाच बर्फ हवा होता आणि दिवाळीच्या कंदिलातून उरलेला पांढरा पतंगी कागद घरात होता. "सहाच का गं?" मी विचारलं. "असतातच सहा," ती म्हणाली. बाहेर पडत्या बर्फात गेलो, माझ्या काळ्या हातमोज्यावर एक कण अलगद टेकला. खरंच सहा. मुंगीएवढा जीव, आणि सहाही हातांना पिसासारखी तीच नक्षी. दोन श्वास घेईपर्यंत त्याचं पाणी झालं.

आत येऊन पुन्हा कागद घेतला तेव्हा पहिली अडचण कळली. अर्ध्याची अर्धी घडी कितीही वेळा घाला, हातात दोन, चार, आठ, सोळा असेच पदर येतात. त्यातून चार टोकं निघतात, आठ निघतात, सहा कधीच निघत नाहीत. सहा हवे असतील तर कुठेतरी तीन समान भाग करावे लागतात. अर्धं करणं सोपं, कड कडेला लावली की झालं. तिसरा हिस्सा डोळ्याने मोजायचा तर चुकतो.

पण कागदातच एक युक्ती दडलेली आहे आणि ती अगदी अचूक आहे. चौकोनी कागदाची रुमालासारखी घडी घाला, म्हणजे चार पदरी लहान चौकोन होतो. त्याच्या ज्या कोपऱ्यात सगळ्या घड्या मिळतात तो मूळ कागदाचा मध्य. तो कोपरा खाली डावीकडे ठेवा. चौकोन उभा मधोमध हलकेच मोडून पुन्हा उघडा, म्हणजे बरोबर मध्ये एक उभी रेघ उमटते. आता डावा कोपरा बोटाने दाबून धरा आणि खालचा उजवा कोपरा उचलून त्या मधल्या रेघेवर टेकवा. डावीकडच्या कोपऱ्यातून तो उचललेला काठ आता बरोबर ६० अंशांवर उभा आहे.

का, ते बघा. खालच्या काठाची लांबी तीच राहिली, फक्त तो फिरला. मधली रेघ डाव्या आणि उजव्या कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणून तिच्यावर टेकलेलं टोक दोघांपासून सारखंच लांब. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे समभुज त्रिकोण. कोनमापक लागला नाही, पट्टी लागली नाही. घडी पडली ती ३० अंशांवर, वर उरलेला कागदही ३० अंशांचा. तो मागच्या बाजूला दुमडला की काटकोनाचे तीन सारखे हिस्से झाले. चार पदर तीनदा, म्हणजे बारा. बारा वेळा ३०, म्हणजे ३६०. वरची वाकडी कड कापून टाकायची आणि मग या निमुळत्या घडीला कात्री लावायची. एक खाच मारली की बारा ठिकाणी उमटते.

ती घडी उलगडताना नातीचा चेहरा मी बघत होते. तिने एक तिरकी चीर दिली होती आणि एक चंद्रकोर काढली होती, बस. कागदावर बारा चंद्रकोरी होत्या.

मग सहाच का, हा प्रश्न राहिला. तो योहानेस केप्लरलाही पडला होता. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे ज्याने सांगितलं, तोच केप्लर. प्रागमधला पूल ओलांडताना त्याच्या कोटावर बर्फ पडला. मित्राला नववर्षाची भेट काय द्यावी या विवंचनेत तो होता. त्याने बर्फच दिला, म्हणजे बर्फावर लिहिलेली एक छोटी पुस्तिका, १६११ साली. लॅटिनमध्ये बर्फाला 'निक्स' म्हणतात आणि त्याच्या जर्मन बोलीत 'काही नाही' याचा उच्चारही तसाच, तेव्हा 'काही नाही'ची भेट म्हणून ती शोभली. पण आत विचारलेला प्रश्न मोठा होता: बर्फाला नेहमी सहाच कोन का, पाच किंवा सात का नाहीत? मधाच्या पोळ्याची घरं, डाळिंबाचे दाणे, रचलेले गोळे, सगळं त्याने ताडून पाहिलं. गोळे सगळ्यांत दाटीने कसे रचावेत, याचा त्याने तिथे जो अंदाज बांधला, तो सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडलं. थॉमस हेल्स या गणितज्ञाने ते केलं. फळवाला संत्र्यांचा ढीग रचतो तीच ती रचना. बर्फाचं उत्तर मात्र केप्लरला मिळालं नाही, आणि मिळालं नाही हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं. अणूंपर्यंत कुणाची नजर पोचलेलीच नव्हती.

ते उत्तर विसाव्या शतकात, बर्फातून क्ष-किरण घातल्यावर दिसलं. पाण्याचा प्रत्येक रेणू बर्फात चार शेजाऱ्यांना धरून बसतो. असं चौघांना धरण्याचे कोनच असे आहेत की सगळे मिळून सहा-सहा जणांची कडी तयार होतात, कड्याला कडं लागून. त्या कड्यांच्या मधे जागा मोकळी राहते, म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो आणि त्यावर तरंगतो. मला हे कळलं ते रांगोळीमुळे. ११ ते ६ ठिपक्यांची रांगोळी आपण काढतो ना? मधे अकरा ठिपके, वरच्या ओळीत दहा, तेही खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, मग नऊ, असं करत सहा. खालच्या बाजूलाही तसंच. नातीच्या वहीत मी ते ठिपके मांडले. एकूण ९१ होतात. कडेने बोट फिरवायला सांगितलं तर तिने षटकोन फिरवला. मी षटकोन काढला नव्हता, फक्त "मागच्या दोघांच्या मधे बस" एवढाच नियम पाळला होता. बर्फाचे रेणूही तेवढंच करतात, आपापल्या शेजाऱ्यापुरता नियम पाळतात. एका हिमकणात असे सुमारे एकावर अठरा शून्यं इतके रेणू असतात, आणि षटकोनाचा नकाशा त्यांतल्या एकाकडेही नसतो.

सुरुवात ढगातल्या इवल्याशा षटकोनी चकतीने होते. चकतीचे सहा कोपरे थोडे बाहेर आलेले, म्हणून हवेतली वाफ त्यांना आधी मिळते. ज्याला जास्त मिळतं तो जास्त वाढतो, वाढला की आणखी बाहेर येतो, आणखी मिळवतो. कोपऱ्यांचे हात होतात. मग कण खाली येताना कधी थंड, कधी ओलसर हवेतून भरकटतो, आणि प्रत्येक बदलाला हातांना नवी फांदी फुटते किंवा फुटायची थांबते. हे सहा हात एकमेकांना काही कळवत नाहीत. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या त्या पसाऱ्यात सहाही जणांना हवा सारखीच मिळते, म्हणून सहाही जण सारखे वाढतात. त्यांचा भोवताल एक, म्हणून नक्षी एक. दोन कणांच्या वाटा मात्र वेगळ्या, म्हणून शेजारच्या कणाची नक्षी निराळी.

बर्लिंग्टनहून गाडीने अर्ध्या तासावर जेरिको नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या लाल गिरणीत विल्सन बेंटली या शेतकऱ्याने काढलेले हिमकणांचे फोटो मांडले आहेत. आम्ही नातीला घेऊन गेलो. बेंटलीचा जन्म १८६५चा. आई शिक्षिका, तिने त्याला घरीच शिकवलं आणि एक सूक्ष्मदर्शक दिला. त्याला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा पहिला फोटो काढला, तेव्हा त्याला विसावं वर्ष लागलेलं होतं. पडणारा बर्फ काळ्या फळीवर झेलायचा, हवा तो कण काडीने उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच सपाट करायचा, आणि हे सगळं श्वास रोखून, कारण श्वासानेही तो वितळतो. आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त कण त्याने असे टिपले. १९३१ साली त्याच्या फोटोंचं मोठं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला.

त्या फोटोंत हिमकण काळ्याभोर पार्श्वभूमीवर चमकतात. ती पार्श्वभूमी कॅमेऱ्यात आलेली नाही. निगेटिव्हची प्रत काढून हिमकणाभोवतीचा सगळा थर बेंटली चाकूने खरवडून काढत असे, प्रत्येक फांदीच्या, प्रत्येक खाचेच्या कडेने. हे वाचून मी त्या फोटोंपाशी बराच वेळ उभी राहिले. जगाने ज्याच्यामुळे हिमकण पाहिला, तोही बसून हिमकण कापतच होता.

पुढचं पाऊल जपानमधल्या होक्काइदोत पडलं. उकिचिरो नाकाया यांनी मार्च १९३६मध्ये प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत, सशाच्या एका केसावर, माणसाने घडवलेला पहिला हिमकण वाढवला. तापमान आणि ओल बदलली की आकार कसा बदलतो याचा तक्ताच त्यांनी मांडला. उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि खांब होतात, उणे १५च्या आसपास पिसारलेल्या चांदण्या. आपण मुलांसाठी कापतो ती नेहमी उणे १५ची चांदणी असते. नाकायांची मुलगी फुजिको पुढे धुक्याची शिल्पं करणारी कलावंत झाली.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत 'हिमकण' दिसल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते गोठलेले दवबिंदू. नुसत्या गोठलेल्या थेंबाला सहा हात फुटत नाहीत. हवेतली वाफ थेट बर्फ होऊन कणावर साचत जाते, तेव्हाच ते फुटतात.

कागदी बर्फ म्हणजे खोटा बर्फ, असं मला वाटत होतं. एका गोष्टीत तो अगदी खरा आहे. बर्फाचा सुटा कण काचेसारखा पारदर्शक असतो. ढीग पांढरा दिसतो, कारण बर्फ आणि हवा यांच्या असंख्य कडांवर उजेड उसळून सगळीकडे फाकतो. कागदाचंही तसंच. त्याचे तंतू जवळजवळ रंगहीन असतात आणि त्यांच्यामधल्या हवेमुळे कागद पांढरा दिसतो. भज्यांच्या कागदाला तेल लागलं की तिथून पलीकडचं दिसायला लागतं, कारण हवेची जागा तेलाने घेतली आणि उजेड उसळायचा थांबला. बर्फ ज्या कारणाने पांढरा, त्याच कारणाने कागद पांढरा.

आम्ही एकूण एकवीस कापले. एका कणाची घडी कापताना सरकली आणि त्याचा एक हात आखूड निघाला. नात रडवेली झाली. मी तिला सांगितलं की ढगातून येणारे बहुतेक कण असेच असतात, कुणाचा हात आखूड, कुणाचा मोडलेला. बेंटली त्यांतले देखणे निवडत होता. तो कण तिने स्वतःच्या उशाच्या बाजूला टांगायला लावला. दोरा शिवणाचाच घेतला, पीळ असलेला, कारण टांगल्यावर तो पीळ थोडा सुटतो आणि कण आपोआप गिरक्या घेतो. हीटरच्या गरम हवेचा झोत वर चढला की एकवीसच्या एकवीस हळूहळू फिरतात. हीटर आणि दिवा यांपासून मात्र ते लांब ठेवले, आणि दोरे नातीच्या हाताला पोचणार नाहीत इतके आखूड.

दुकानात आठ टोकांचे तयार हिमकण सर्रास मिळतात. निसर्गात क्वचित बारा टोकांचा हिमकण सापडतो, दोन कण वळून एकत्र वाढले की. आठ टोकांचा मात्र होत नाही. तुमच्या घरी यंदा मुलांसोबत कागद घेऊन बसाल तेव्हा एवढं करा: कात्री लावण्याआधी मुलांकडून घडीचे पदर मोजून घ्या. बारा भरले पाहिजेत.