फाटक्या लुगड्याची वाकळ

उन्हाळ्यात काम सरले की भातकुलीकडच्या आयाबाया ओसरीवर वाकळ शिवायला बसतात. पुस्तकात तिला गोधडी म्हणतात. आमच्या बोलीत वाकय. तिच्यासाठी नवे कापड कोणी आणत नाही. जुने लुगडे, फाटके धोतर, लेकराचा सदरा पुढ्यात घ्यायचा. मजबूत तुकडा कोणता, विरलेला कोणता, ते हाताने चाचपायचे. मग रोज थोडाथोडा धावदोरा घालायचा. ज्याच्यासाठी शिवायची, त्याचे मापही पाहावे लागते. लेकराची वाकळ म्हाताऱ्याला कशी पुरेल?

दवाखान्यात एक उपचार असाच चालतो. त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत व्यवसायोपचार. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

समजा, काकांना लकवा मारला. दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात लुळा राहिला. काकू घास भरवते, सदरा घालून देते. ती मायाच आहे. पण हात वापरलाच नाही तर तो आखडतो. मनही खचते. "आता माहा काय उपेग?" असे काका म्हणू लागतात.

उपचार करणाऱ्या बाई आधी विचारतात, "काका, कोणतं काम स्वतः करावंसं वाटतं?"

"मले माह्या हातानं जेवाचं हाय."

मग बाई हातात किती बळ उरले ते पाहतात. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळतात. जाड दांडा मुठीत बसतो. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी, असे शिकवतात. काकूलाही सांगतात, लुळा हात धरून काकांना ओढू नका, खांदा दुखावतो.

आपल्या देशात ही विद्या शिकवणारी पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात निघाली. ती कमलाबाई निंबकरांनी काढली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. नागपुरात १९५८ साली अशी शाळा सुरू झाली.

त्याही आधी, १९४६ साली, आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. गावाने टाकलेली माणसे तिथे विणकाम, सुतारकाम करू लागली. कुष्ठरोगात हात बधिर होतो. सुई टोचली तरी कळत नाही. म्हणून अशा रुग्णाला काम देताना हत्यार, मूठ, सारे पाहूनच द्यावे लागते.

एक खरे सांगतो. काकांचा हात पूर्वीसारखा होईलच असे नाही. वाकळीचे पुन्हा लुगडे होत नाही. पण थंडीत ती अंगावर येते.

घरी असा कोणी असेल तर दवाखान्यात डॉक्टरांना या उपचाराचे विचारा. उशीर करू नका. जाताना त्यांचा रोजचा चमचा आणि ताटली सोबत न्या.