राऊच्या गाडीवाटा आणि फ्रान्सची हिरवी वाट

राऊ सर्कलला उभं राहून कुणाला सांगितलं की इथून सायकलीवर शांत सहल करता येते, तर तो आपल्याकडे संशयानेच बघेल. एकीकडे जुना आग्रा-मुंबई रस्ता, दुसरीकडे बायपास, तिसरीकडे पीथमपूरला जाणारे ट्रेलर. पण या सर्कलपासून थोडं आत, बटाट्याच्या आणि लसणाच्या शेतांकडे वळलं की मुरमाच्या गाडीवाटा लागतात. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, कडेला बाभूळ आणि बोर. तासाभरात भेटतात ते एक ट्रॅक्टर, दोन दूधवाले आणि एखादा शेळ्यांचा कळप.

अशा वाटांसाठी अलीकडे एक खास सायकल निघाली आहे, ग्रॅव्हल बाईक. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर रुंद, साधारण ३५ ते ४५ मिलीमीटर, आणि हवा जरा कमी भरलेली. त्यामुळे खडी-मुरमावर चाक उडत नाही आणि डांबरी रस्त्यावरही वेग मिळतो. हा प्रकार अमेरिकेतल्या शेतीच्या मुलखातून वाढला आणि २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. अर्थात आपल्या दूधवाल्या भैय्यांनी काळ्या दणकट सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून हेच काम पिढ्यान् पिढ्या केलं आहे, बक्षीस मात्र त्यांना कुणी दिलं नाही! सांगायचा मुद्दा असा की महाग सायकल नसली म्हणून अडत नाही. घरातली मुलांची जाड टायरची सायकलही चालते.

या छंदाची पंढरी म्हणून नाव घेतलं जातं फ्रान्सच्या खेड्यांचं. तिथे 'व्हॉआ व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट, नावाचे रस्ते आहेत. मोटारींना बंदी, फक्त पायी चालणारे, सायकलवाले, काही ठिकाणी घोडेस्वार. त्यांतली पहिली वाट बरगंडी प्रांतात जिव्री ते क्लूनी अशी १९९७ मध्ये सुरू झाली, लांबी सुमारे ४४ किलोमीटर. ही मुळात बंद पडलेली रेल्वेलाईन! रूळ काढले, चढ-उतार रेल्वेचेच असल्याने अगदी सौम्य, आजी-आजोबांनाही झेपतील असे. पुढे माकाँच्या दिशेला दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण त्यात वटवाघळं झोपलेली असतात. दक्षिणेत तुलूझपासून समुद्राकडे जाणारा कनाल द्यू मिदी हा कालवा १६८१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या काठाने नावा ओढणारे घोडे चालायचे, त्या काठावर आता सायकली चालतात.

हे वाचताना इंदूरकरांना आपली छोटी गाडी आठवली नाही तरच नवल. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचं कर्ज इंग्रज सरकारला दिलं, त्यातून होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. खंडव्याहून नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून ती महू आणि इंदूरला आली. राऊ, हरण्याखेडी, महू, पातालपानी, कालाकुंड, चोरल, बलवाडा, बडवाह ही स्टेशनं आपल्यापैकी अनेकांना अजून ओळीने म्हणता येतात. ओंकारेश्वराला जायचं ते याच गाडीने, शिदोरीच्या डब्यासकट. पातालपानीला टंट्या मामांच्या देवळापाशी गाडी सलामीला थांबे. राऊवरून जाणारी लाईन आधीच ब्रॉडगेज झाली होती. महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज सेवा २०२३ च्या सुरुवातीला थांबली. ब्रॉडगेजला घाटाचा तो चढ मानवणारा नाही, म्हणून नवी लाईन वेगळ्या वळणाने आखली गेली. पातालपानी-कालाकुंड हा चार बोगद्यांचा तुकडा मात्र २०१८ च्या नाताळात सुरू झालेल्या हेरिटेज ट्रेनसाठी राखला आहे, आणि तो तसाच राहावा. त्याच्या खाली-वर जिथे जुन्या लाईनचा भराव कामाविना पडून राहील, तिथे हिरवी वाट करता येईल का, हा प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे. भराव एकदा तुकड्या-तुकड्यांनी गेला की परत जुळत नाही. (आणि हो, आज कुणी उत्साहाने रुळांवरून किंवा बोगद्यातून सायकल नेऊ नये. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही.)

पण रेल्वेपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती गाडीवाटांची. गेल्या काही वर्षांत राऊ-महू पट्ट्यात शेतं जाऊन कॉलन्या उभ्या राहताहेत, पीथमपूर कॉरिडॉरची आखणी चालू आहे. कॉलनीची भिंत उभी राहते, गेट बसतं, गेटवर चौकीदार बसतो, आणि ज्या वाटेने पिढ्यान् पिढ्या बैल गेले ती वाट एका सकाळी संपते. कधी शेजारचा शेतकरीच दरवर्षी नांगराचं एक तास वाटेत सरकवतो. यात सायकलवाल्याची सहल बुडते एवढंच. शेतकऱ्याचं मात्र शेतावर जाणंच अडतं.

फ्रान्समध्येही वाटा अशाच गिळल्या जात होत्या. तिथल्या ग्रामवाटा गावच्या नगरपालिकेच्या मालकीच्या, पण तीस वर्षं कुणी कब्जा ठेवला तर हातच्या जाऊ शकत. म्हणून १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला पदभ्रमणाच्या वाटांची यादी करायला सांगितलं. यादीतली वाट विकायची तर पर्यायी वाट द्यावी लागते. २०२२ च्या कायद्याने त्यात भर घातली: नगरपालिकेने आपल्या वाटांची मोजदाद सुरू केली की कब्जाची ती मुदत थांबते. आपण फोटोत बघतो ती द्राक्षमळ्यांमधली पांढरी वाट अशा कागदी कामामुळेही टिकली आहे.

कागद आपल्याकडेही आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २४२ प्रमाणे गावागावाचा 'वाजिब-उल-अर्ज' असतो. त्यात पाणी आणि येण्याजाण्याचे रूढ हक्क नोंदवायचे असतात. शेतावर जाण्याच्या वाटेवरून तंटा झाला तर कलम १३१ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. गावाचा नकाशा आणि खसरा आता ऑनलाईन बघता येतो. महाराष्ट्रात याच वाटांना पाणंद आणि शिवरस्ते म्हणतात. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये मातोश्री योजना आली, आणि शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचं धोरणही तिथे अलीकडे आलं. राऊच्या आसपास ज्यांची वडिलोपार्जित शेती आहे, किंवा जे तिथे प्लॉट घेत आहेत, त्यांनी नकाशात आपल्या कडेने जाणारी वाट आहे का, ते एकदा बघावं. प्लॉट घेताना आपण वास्तू बघतो, पाणी बघतो, ही एक रेघही बघायला काय हरकत आहे?

आता ज्यांना या थंडीत निघायचंच आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्यात नाव काढू नका. माळव्याची काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. दिवाळीनंतर वाटा कडक होतात, माघापर्यंत उत्तम. सोयाबीन निघाल्यावर शेतकरी ते रस्त्यावर वाळवतात, त्यावरून चाक नेऊ नये. उतरून कडेने जावं आणि रामराम करावा, बहुतेक वेळा चहाचं आमंत्रण मिळतं. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब आणि पंप हवाच. कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका, उतरा, सायकल मधे धरून शांत चाला. लहान मुलं बरोबर असतील तर राऊहून हरण्याखेडीच्या बाजूच्या शेतवाटा पुरेत. मोठ्यांनी महू ओलांडून पातालपानीपर्यंत जावं, सकाळी लवकर निघून ऊन चढायच्या आत परत. आणि पाय दुखायला लागले तर सायकली तिथेच कुणाच्या तरी हवाली करून, हेरिटेज ट्रेन चालू असेल त्या दिवशी, तिकीट काढून कालाकुंडला उतरा. स्टेशनवर पानात मिळणारा कलाकंद अजून तसाच आहे.