भाग ९ : चढाईपटू निवडताना गुण बघा, गुडघेही बघा

मागच्या भागात आपण काल्पनिक कबड्डी संघाची बोली कशी लावायची, ते बघितलं. आज त्यातल्या सगळ्यात महाग वस्तूकडे वळू, म्हणजे चढाईपटूकडे. हा माणूस तुम्हाला सगळ्यात जास्त गुण देतो आणि हंगामाच्या मध्येच तुम्हाला सोडून जाण्याची भीतीही त्याचीच जास्त. तेव्हा त्याच्यावर किती लावायचे?

नव्याने आलेल्यांसाठी आपला खेळ थोडक्यात सांगतो. आठ-दहा मित्र किंवा भावंडं एकत्र येतात. प्रत्येकाकडे १०० काल्पनिक नाणी. प्रो कबड्डीचा हंगाम सुरू होण्याआधी खऱ्या खेळाडूंची आपसात बोली लावायची आणि मग मॅटवर तो खेळाडू जे गुण मिळवेल ते आपल्या वहीत धरायचे. पैसा कुठेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण त्याआधीपासून माझा नियम हाच आहे. पैसा आला की डोकं चालत नाही, आणि आपल्याला तर डोकंच चालवायचं आहे.

चढाईपटूच का मोडतो

साधा हिशेब करा. सामना ४० मिनिटांचा आणि एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे सामन्यात ८० च्या आसपास चढाया, त्यातल्या निम्म्या एका संघाच्या. संघाचा मुख्य चढाईपटू त्यातल्या निम्म्या जरी करत असला तरी वीस झाल्या. सातव्यापासून अकराव्या हंगामापर्यंत प्रत्येक संघाला साखळीतच २२ सामने होते. म्हणजे एका हंगामात एक माणूस चारशेहून जास्त वेळा समोरच्या सात जणांत एकटा शिरतो. कुणी घोटा धरतो, कुणी मांडी, कुणी कमरेत मिठी मारतो आणि वरून आणखी तिघे पडतात. पाय मॅटला रोवलेला असतो आणि अंग दुसरीकडे ओढलं जातं. गुडघ्याच्या आतला दोर, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो नेमका अशाच पिळात तुटतो.

इथे पंजाबात गावोगावी वर्तुळाकार मैदानातली कबड्डी चालते. तिथे चढाई करणाऱ्याला एका वेळी एकाच जाफीशी झुंजावं लागतं. आपल्या कबड्डीत साखळी येते, म्हणजे एकाच्या वजनाऐवजी तिघा-चौघांचं वजन. म्हणून तिकडचा दणकट गडी इकडे तसाच टिकेल असं धरून चालू नका.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा खेळाडू असतो, त्याला रनिंग बॅक म्हणतात. तिथेही लोक असेच काल्पनिक संघ करतात आणि त्यांचीही डोकेदुखी हीच आहे. ख्रिश्चन मॅकॅफ्री या खेळाडूने २०१९ मध्ये कमाल केली, म्हणून २०२० मध्ये लोकांनी त्याला सगळ्यांत आधी उचललं. त्या हंगामात तो तीनच सामने खेळला. २०२३ मध्ये पुन्हा अव्वल ठरला, २०२४ मध्ये पुन्हा पहिली पसंती मिळाली आणि खेळला चार सामने.

तीन माणसं, तीन धडे

आता आपल्या मॅटवर या. पहिला पवन सेहरावत. सहाव्या हंगामात २७१ रेड गुण, सातव्यात ३४६, आठव्यात ३०४. सातव्या हंगामात आमच्या शेजारच्या पंचकुल्यात त्याने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच सामन्यात ३९ गुण घेतले होते. तीन हंगाम न मोडता, न थकता. साहजिकच नवव्या हंगामाच्या लिलावात तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख मोजले. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांत त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. लक्षात घ्या, ती दुखापत चढाई करताना झाली नाही. बचावाला उभा असताना झाली. चढाईपटू बाद होत नाही तोवर तो बचावातही उभाच असतो, आणि ज्या कामाची सवय कमी त्याच कामात पाय चुकीचा पडतो.

या गोष्टीचा दुसरा भाग बरेच जण विसरतात. पवन गेल्यावर त्याच संघातल्या नरेंदर नावाच्या नवख्या पोराला जागा मिळाली. त्याने त्या हंगामात २४३ रेड गुण मिळवले आणि संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. ज्याने पवनवर सगळी नाणी उधळली तो बसला. ज्याने पवनसोबत शेवटच्या फेरीत दोन नाण्यांत नरेंदर घेऊन ठेवला असेल, तो तरला.

दुसरा आपला सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. सहाव्या हंगामात यू मुंबाकडून पदार्पणातच २१८ रेड गुण. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले आणि त्याने २१७ गुण करून किंमत वसूल करून दिली. आठव्या हंगामात मात्र तीन सामन्यांनंतर तो दुखापतीने बाहेर गेला. टायटन्सला त्या हंगामात २२ पैकी एकच सामना जिंकता आला. सिद्धार्थचा खेळ ताकदीचा. पकड झाली तरी चौघांना ओढत मध्यरेषा गाठायची. बघायला फार छान, पण त्या प्रत्येक गुणाची वर्गणी खांदा आणि गुडघा भरत असतो.

तिसरा परदीप नरवाल. पाचव्या हंगामात २६ सामन्यांत ३६९ रेड गुण, म्हणजे सामन्याला चौदाहून जास्त. साखळीखालून डुबकी मारून निघण्यात त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. आठव्या हंगामात १ कोटी ६५ लाखांना गेला आणि गुण आले १८८. पुढे एकूण १८०१ रेड गुण नावावर असलेला हा माणूस २०२५ च्या लिलावात विकलाच गेला नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीस! म्हणून जन्मसाल बघून फसू नका. गाडी घेताना आपण मॉडेलचं वर्ष बघतो तसं किती किलोमीटर पळाली हेही बघतो. चढाईपटूच्या किती चढाया झाल्या, ते तसंच बघा.

माझी तपासणी

फौजेत जवानाची वैद्यकीय प्रत ठरते. तिला आम्ही ‘शेप’ म्हणतो. मन, कान, हातपाय, अंगाची एकूण क्षमता आणि डोळे, अशा पाच गोष्टी. सगळं ठीक असेल तर शेप-वन. काही बिघडलं तर प्रत खाली येते आणि ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी होते. ‘मला बरं वाटतंय’ एवढ्यावर कुणालाही वर चढवत नाहीत. चाचणीत नऊ फुटी खंदक उडी मारून पार करायचा असतो. उडी तर सगळेच मारतात. बघायचं असतं ते पलीकडे पाय टेकताना गुडघा आत वळतो का.

याच धर्तीवर मी चढाईपटूंची तीन गटांत विभागणी करतो.

हिरवा गट : मागच्या दोन हंगामांत नव्वद टक्के सामने खेळलेला, आणि त्या दोन्ही हंगामांचे शेवटचे पाच सामने खेळलेला. हे शेवटचे पाच फार बोलके असतात, कारण थकलेलं शरीर तिथे उघडं पडतं.

पिवळा गट : मांडीमागचा स्नायू, जांघ किंवा घोटा दुखावलेला. ही दुखणी लवकर बरी होतात आणि लवकर परततात. मांडीमागचा स्नायू एकदा ताणला की तोच पुन्हा ताणण्याची शक्यता वाढते. पायाने बोनस आणि पंजाचा स्पर्श घेणाऱ्यांमध्ये हे जास्त बघा.

लाल गट : गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला किंवा खांदा निखळलेला. गुडघ्याच्या दोराची शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्याला धोका बराच जास्त असतो. तरुण खेळाडूला तर पुढची दोन वर्षं सांभाळावं लागतं, आणि फक्त तोच गुडघा नव्हे, दुसराही. तरुणपणी निखळलेला खांदा पुन्हा निखळायला वेळ लागत नाही.

लाल म्हणजे घेऊच नका असं मी म्हणत नाही. नवव्या हंगामात गुडघा गेलेल्या त्याच पवनने पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व केलं आणि सुवर्णपदक आणलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार बघा. पुणेरी पलटणला दहाव्या हंगामात विजेतेपद मिळवून दिलं, अकराव्या हंगामात गुडघ्याने त्याला मध्येच बाहेर बसवलं आणि पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. बाराव्या हंगामात तो परतला आणि संघ थेट अंतिम सामन्यात. माणसं परत उभी राहतात. आपल्याला फक्त त्यांची किंमत नीट लावायची आहे.

वहीतला हिशेब

कागद घ्या. समजा ‘अ’ हा चढाईपटू सामन्याला १२ गुण देतो, पण लाल गटात आहे. २२ पैकी १४ सामने खेळेल असा अंदाज धरू. १२ गुणिले १४, झाले १६८. ‘ब’ सामन्याला ९ गुण देतो, हिरव्या गटात आहे, २१ सामने खेळेल. ९ गुणिले २१, झाले १८९. म्हणजे ‘ब’ घ्यावा? थांबा.

‘अ’ नसेल त्या आठ सामन्यांत तुमच्याकडे कोण आहे? सामन्याला ७ गुण देणारा पर्याय असेल तर आणखी ५६ मिळाले आणि एकूण २२४ झाले. ‘ब’ च्या एका सुट्टीचे ७ धरले तरी १९६. आता ‘अ’ पुढे गेला. पण तुमचा पर्याय सामन्याला दोनच गुण देत असेल तर ‘अ’ १८४ आणि ‘ब’ १९१. उत्तर उलटलं.

म्हणजे मोडका तारा घ्यायचा की नाही, हे त्याच्या गुडघ्याइतकंच तुमच्या राखीव बाकावर अवलंबून आहे. राखीव तुकडीशिवाय हल्ला कुणी करत नाही. म्हणून माझे तीन नियम. एक, लाल गटातल्या कुठल्याही एका खेळाडूवर १०० पैकी ३० नाण्यांपेक्षा जास्त नाही. दोन, तो घेतला की त्याच्याच संघातला दुसरा किंवा तिसरा चढाईपटू शेवटी स्वस्तात उचलायचा, कारण त्याच्या चढाया त्यालाच मिळणार. तीन, लाल गटातले दोन जण एकाच वहीत नकोत.

आणि सरासरी काढताना एकूण गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागा. आठव्या हंगामात दबंग दिल्लीचा नवीनकुमार गुडघ्यामुळे काही सामने बाहेर होता, १७ सामनेच खेळला, तरी २०० च्या वर रेड गुण केले आणि संघ विजेता झाला. नुसत्या एकूण गुणांच्या यादीत असा माणूस खाली दिसतो आणि स्वस्तात मिळतो.

पडद्यावर काय बघायचं

संघ दुखापतीबद्दल फार बोलत नाहीत. खेळाडूही बोलत नाही, कारण त्याचं पुढचं कंत्राट त्याच्या पायावर उभं असतं. चाचणीच्या आदल्या आठवड्यात दुखणं लपवणारे जवान मी पुष्कळ पाहिलेत. चेहरा लपवतो, पाय लपवत नाही. तो एकाच बाजूला वळतोय का? परतताना एकच पाय रेटतोय का? पूर्वी दोन्ही पायांनी बोनस घेणारा आता एकाच पायाने घेतोय का? रिकाम्या चढाया वाढल्यात आणि ‘करो या मरो’च्या चढाईला दुसऱ्यालाच पाठवतायत का? यातल्या दोन गोष्टी सलग दोन सामन्यांत दिसल्या तर बदलीचा विचार करा. नुसती गुडघ्यावरची पट्टी बघून मात्र घाबरू नका. ती बरेच जण सवयीने घालतात.

शेवटी एक विनंती. तुमचा खेळाडू जायबंदी झाला की वहीत रेघ मारा आणि राखीव काढा. त्याच्या खात्यावर जाऊन शिव्या देऊ नका. तुमची ३० नाणी गेली. त्याच्यासमोर शस्त्रक्रिया आहे, नऊ महिने आहेत आणि पुढच्या लिलावात नाव पुकारलं जाईल की नाही ही धाकधूक आहे. हिशेब कडक ठेवा, पण माणूस विसरू नका.

पुढच्या भागात बचावपटू : डावा कोपरा महाग घ्यावा की उजवा. तोवर आपल्या वहीतल्या चढाईपटूंना हिरवा, पिवळा, लाल अशी खूण करून ठेवा. जय हिंद.